भोपळ्याची झूल

भोपळ्या शालनमावशीच्या हाताला चावला, ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत शुक्रवार पेठेतून सोमवार पेठेत पोचली. कुत्रं चावलं यात बातमी कसली, असं बाहेरचा कुणी म्हणेल. पण तो हात मावशीचा होता, आणि कऱ्हाडातल्या निम्म्या तरण्याताठ्या माणसांची टाळू त्या हातानं भरलेली होती. विनाचालक रिक्षा आल्या, दुधाच्या पिशव्या उडत दारात यायला लागल्या, पाळण्याला बाळाची झोप मोजणारं यंत्र बसलं. पण तान्ह्या पोराला पायांवर घेऊन कढत पाण्यानं न्हाऊ घालणारं यंत्र अजून कुठल्या शहाण्याला जमलं नव्हतं. त्यामुळं साठी उलटली तरी मावशीला उसंत नसायची. रस्त्यात बँकेचा साहेब दिसला तरी ती चारचौघांत म्हणायची, "काय रं, तुझी टाळू मी भरलीया," आणि साहेब निमूट गाडीवरून खाली उतरायचा.

हे काम तिला सासूनं शिकवलं, आणि कामाबरोबर एक नियमही दिला. दुखतंय तिथंच रगडायचं. पोर जास्त रडलं तर समजायचं, हात बरोबर जागी पडलाय. "जळतंय म्हंजे रक्त सुटतंय," असं मावशी ओल्या बाळंतिणींना सांगायची, आणि तिच्या हाताखालून उठलेल्या बायका खरंच हलक्या होऊन गाढ झोपायच्या. चाळीस वर्षं नियम खोटा ठरला नव्हता. मग तिनं तो कुत्र्यालाही लावला, यात नवल ते काय!

भोपळ्या तेरा वर्षांचा होता. मावशीचे यजमान हिंदुराव एस.टी. डेपोत मिस्त्री होते. तिथल्या एका जुन्या टायरातून त्यांनी हे पिल्लू उचलून आणलं, तेव्हा त्याचं नुसतं पोट दिसत होतं, म्हणून भोपळ्या. हिंदुराव जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. "दुसऱ्यांची हजार पोरं न्हाऊ घातली, आन् माझ्या घरात एक कुत्रं," असं मावशी हसत सांगायची. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

गेली दोन वर्षं भोपळ्याचं काहीतरी बिनसलं होतं. एके काळी गल्लीतल्या पोरांनी पाठीवर बसून घेतलं तरी शेपूट हलवणारा हा गडी आता कुणी शेजारी टेकलं तरी उठून दुसऱ्या भिंतीला जायचा. झाडू अंगाला लागला तर दात दाखवायचा. "म्हातारं झालं की माणूस काय आन् कुत्रं काय, किरकिरंच हुतं," मावशीनं निदान करून टाकलं आणि औषधही काढलं. रोज संध्याकाळी पाच वाजता तिळाच्या तेलात ओवा-लसूण कडवायचा, अंगणात चटई टाकायची, आणि भोपळ्याला मानेपासून शेपटीपर्यंत चोळायचं. तो आपल्या पायांनी चटईवर यायचा, आडवा व्हायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुरगुरायचा. "गप! पोरंबी रडत्यात," मावशी म्हणायची आणि जोर वाढवायची.

त्या दिवशी तिनं कमरेच्या खोबणीत अंगठा रुतवला आणि भोपळ्यानं तोंड फिरवून तिचा उजवा हात धरला. अंगठ्याखालच्या मांसाला चार टाके पडले.

*

रेश्मा मुल्ला जनावरांची डॉक्टर होती. दवाखाना कृष्णा नाक्याजवळ. तिची टाळूही अर्थात मावशीनंच भरलेली. रिक्षातून मावशी उतरली ती एका हाताला पांढरी पट्टी आणि दुसऱ्या हातात भोपळ्याची साखळी घेऊन.

"ह्याला सुई दे आन् मोकळं कर," ती दारातूनच म्हणाली.

"मावशी, आधी बसा तर."

"बसायचं न्हाई मला. ज्या हातचं खाल्लं त्याच हाताला चावला. तीन बाळंतिणी खोळंबल्यात माझ्या. निमकहराम जनावर मला घरात नगं."

भोपळ्या मात्र तिच्या पायांपासून हातभर अंतरावर, तिच्याकडं तोंड करून बसला होता. रेश्मानं दोघांकडं बघितलं आणि आतून एक राखाडी कापड आणलं.

सरकारी कागदावर त्याचं नाव 'स्पर्शालेखक' असं भारदस्त होतं, पण कऱ्हाडात सगळे त्याला झूलच म्हणत, कारण बेंदराला बैलावर टाकतात तसंच ते दिसायचं. अस्तरात केसाहून बारीक तारांचं विणकाम होतं. जिवाच्या अंगात दुखणं काय नि सुख काय, शेवटी नसांमधून धावणारे विजेचे इवलेसे ठोके असतात. पूर्वी ते ऐकायला कातडी फाडून सुया खुपसाव्या लागायच्या. ही झूल नुसती अंगावर राहून ऐकायची, इतकी हलकी की भोपळ्यासुद्धा दोनदा दात दाखवून गप्प बसला. मुक्या जनावराला विचारता येत नाही ही डॉक्टरांची जन्माची अडचण होती, ती या कापडानं संपवली. आणि झुलीला एक जोड होती. मालकाच्या डाव्या मनगटाच्या वर एक पट्टा बांधायचा. मालकानं जनावराला हात लावला की जनावराला जे वाटलं ते त्या पट्ट्यातून मालकाच्या हातावर उमटायचं.

"हात लावा आता त्याला," रेश्मा म्हणाली. "अगदी हलका. पाठीवर."

मावशीनं चांगल्या हाताची बोटं भोपळ्याच्या पाठीवरून फिरवली आणि किंचाळून मागं घेतली. खाजकुइली लागावी तसा तिचा हात पेटला होता. तिनं पट्ट्याकडं बघितलं, कातडीवर काही नव्हतं.

"बिघाड हाय तुझ्या यंत्रात. मी नुसता हात फिरवला."

"पुन्हा लावून बघा. थोडं दाबून."

दाबल्यावर आग जरा कमी झाली, पण खाली कुणीतरी सांध्यात पाचर ठोकतंय असं वाटलं. तिसऱ्यांदा हात लावायचं तिचं धाडस होईना.

"मावशी, हा त्याच्या दुखण्याचा दहावा हिस्सा आहे बरं का," रेश्मा हळू म्हणाली. "माणसाला पुरतं देत नाहीत. तसा नियमच आहे."

मग रेश्मानं तिला पडद्यावर दाखवलं. अंगावर हात फिरला की आत वेगवेगळ्या वाटांनी खबर जाते. एक तार जाड आणि चपळ. कुठं लागलं आणि किती जोरात, एवढं ती सांगते. एक बारीक तार दुखण्याची. आणि तिच्याच जातीची आणखी एक बारीक तार आहे, जी फक्त एका गोष्टीला जागी होते: अंगाइतका कोमट हात, सेकंदाला तीन-चार बोटं अंतर सावकाश सरकणारा. ती जागा सांगत नाही, जोर सांगत नाही. आपलं कुणीतरी जवळ आहे, एवढंच सांगते. पडद्यावर दुखण्याची रेघ तांबडी होती आणि ही निळी.

"सगळ्या वाटा पाठीच्या कण्यात एकत्र येतात," रेश्मा म्हणाली. "आपल्या पाटाला कशी दारं असतात, कुठलं पाणी कुणाच्या रानात सोडायचं ते ठरवायला, तशी तिथंही असतात. ह्याचे मणके झिजलेत, नसा दबल्यात. दोन-अडीच वर्षं दुखणं सतत वाहत राहिलं, त्यात दारं मोडली. आता कुठलंही पाणी दुखण्याच्याच रानात जातं. ही निळी बघा. निघते निळी, आणि इथं आली की तांबडीत पडते."

मावशी पडद्याकडं बघत राहिली. तिला रेघा कळल्या, कारण हातावर अजून आग होती.

"मंजी दोन वर्सं मी ह्याला..." मग म्हणाली, "मग रोज येतो कशाला चटईवर? मी काय वढून आणत न्हवते."

"ते झुलीला कळत नाही, मावशी. ती फक्त कातडीचं सांगते."

कंपाउंडर बाहेर एका म्हशीच्या मालकाशी वाद घालत होता. मावशीनं पट्टा सोडला, पुन्हा हातात घेतला आणि विचारलं, "रेश्मा, माणसालाबी असं हुतं?"

"होतं की. शुगर जुनी झाली की फार जणांना होतं. पायावर चादर सहन होत नाही."

मावशी बाकावर बसली. हिंदुरावांना पंधरा वर्षं साखर होती. शेवटच्या वर्षी ते रात्रीची चादर लाथेनं उडवायचे. "जळतंय गं," म्हणायचे, आणि ती म्हणायची, जळतंय म्हंजे रक्त सुटतंय. ती रोज त्यांच्या पोटऱ्या रगडायची. ते ओरडायचे, तशी ती अंगठ्यांवर आणखी भार द्यायची. एक दिवस ते म्हणाले, "हात लावू नगंस मला." गावभर ज्या हाताचं कौतुक, तो घरच्या माणसाला नकोसा झाला, हे तिच्या जिव्हारी लागलं. तिनं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं आणि पुढं आठ महिने, ते जाईपर्यंत, त्यांना बोट लावलं नाही. त्यांनीही पुन्हा बोलावलं नाही. माणूस आपल्याला विटला, असंच ती चार वर्षं धरून बसली होती.

आता ती दवाखान्यातच, सगळ्यांसमोर, पदर तोंडात धरून रडली. रेश्माला वाटलं, ती कुत्र्यासाठी रडतेय.

*

गोळ्यांची वेळ टळून गेली होती. उरलेल्या वाटा दोनच, आणि तिसरी मावशीनं मागितलेली सुई.

पहिली वाट म्हणजे कुणीही हात लावायचा नाही. पण दुखणं वाढत जाणार, मग अंगाला वारा लागला तरी सोसणार नाही. दुसरी वाट नवी होती. मानेतून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात एक औषध सोडायचं. बारीक तारांमध्ये खबर पुढं ढकलणारी जी झडप असते, ती त्या औषधानं बनायचीच बंद होते. कायमची.

"चालेल, पळेल, पोटभर खाईल," रेश्मानं सांगितलं. "दुखणार नाही. पण दुखण्याची तार आणि मायेची तार एकाच जातीच्या. औषधाला निवड करता येत नाही, आणि जागा सांगणारी जाड तार तर दबून केव्हाच मेलीय. नंतर त्याला हात लावलेला कळणार नाही. कुणाचाच."

"माझाबी?"

"तुमचाही, मावशी."

मावशीनं आठ दिवस मागून घेतले. रेश्मानं झूल आणि पट्टा घरी नेऊ दिला.

उजव्या हाताला टाके असले तरी डावा हात चालत होता, म्हणून तिसऱ्या दिवशी ती पोवारांच्या घरी गेली. दीड महिन्याची नात होती. मावशीनं तिला पायांवर घेतलं, तेल लावलं, पोर रडायला लागलं, आणि मावशीचा हात जागच्या जागी थांबला.

"हिला दुखतंय का गं?" तिनं बाळाच्या आईला विचारलं.

आई हसली. "मावशी, रडतंच की ते! तुम्हीच म्हणता ना, रडलं की अंग धरतं."

बाळाला काय वाटतं ते सांगणारी झूल अजून निघाली नव्हती. निघेल म्हणत होते. मावशीनं कसंबसं पोर धुऊन पुसून आईच्या हातात दिलं. तिची तब्येत बरी नसावी असं समजून पोवारीणबाईंनी चहात आलं जास्त घातलं. त्या दिवसानंतर मावशीनं कुणाचं पोर पायांवर घेतलं नाही. चाळीस वर्षांचं काम असं एका रडण्यानं सुटलं, आणि लोकांना वाटलं, कुत्र्याच्या चावण्यानं सुटलं.

घरी ती भोपळ्यापासून लांबच राहायची. पण पाच वाजले की तो चटईच्या जागी येऊन उभा राहायचा. चटई नाही, तेल नाही. तो तसाच फरशीवर आडवा व्हायचा आणि हळू गुरगुरत वाट बघायचा. मावशी पायरीवर बसायची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पहिले चार दिवस त्यानं वाट बघितली आणि कंटाळून उठून गेला. पाचव्या दिवशी तो उठला नाही. मागचे पाय ओढत पायरीपर्यंत आला, मावशीच्या मांडीखाली नाक खुपसलं आणि तिचा हात बाहेर ढकलून आपलं डोकं त्याखाली घातलं.

तिच्या मनगटावर पट्टा होता आणि त्याच्या अंगावर झूल. आग थेट कोपरापर्यंत चढली. तिनं हात काढून घेतला. भोपळ्यानं पुन्हा डोकं खाली घातलं. तो गुरगुरत होता, डोळे मिटलेले होते, आणि तो जागचा हलत नव्हता.

"आरं, दुखतंय की तुला! कशापायी येतोस?" मावशी ओरडली. तो आवाजानं दचकला आणि जरा मागं सरला. मग त्यानं तिसऱ्यांदा डोकं पुढं केलं.

त्या संध्याकाळी तिचं ठरलं. असं ठेवलं तर हा माझ्या हातासाठी आगीत शिरत राहणार, आणि मीही कधीतरी न राहवून हात ठेवणार. तिला स्वतःची खात्री नव्हती. सुई द्यायची तर ज्याचा काही गुन्हाच नाही त्याला मारायचं. राहिलं ते औषध. त्यात त्याचं दुखणं जाणार होतं आणि तिचं त्याच्या अंगावरचं असणं जाणार होतं. ती ज्याला म्हणून जीव लावायची त्याला हातांनीच लावायची. तोंडानं लाड करणं तिला कधी जमलं नव्हतं. आता त्याला द्यायला तिच्याजवळ काय उरणार, हे तिला कळत नव्हतं. तरी ठरलं ते ठरलं.

*

दवाखान्यात भोपळ्याला टेबलावर घेतलं. रेश्मानं भुलीची सिरिंज भरली आणि थांबली.

"मावशी, एकदा हात ठेवता? यानंतर त्याला..."

"नगं."

"शेवटचा, मावशी. एवढ्यानं काही बिघडत नाही."

"दुखंल त्याला," मावशी म्हणाली. "माझ्यापायी कशाला?"

तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. भोपळ्या तिच्याकडं बघत होता. त्यानं एकदा मान पुढं करून हुंगलं, कदाचित हात शोधत असावा. ती जागची हलली नाही. मग भूल चढली.

औषधाचा गुण यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी मावशीला अंगणात धडपड ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर भोपळ्या पार्सल पोचवणाऱ्या चाकाच्या खोक्यामागं भुंकत पळतोय. सांधे म्हाताऱ्याचेच होते, पळणं तिरकंच होतं, पण पळत होता. गल्लीतली पोरं जमली. एकीनं भीत भीत पाठीवर हात ठेवला. गुरगुर नाही, काही नाही.

"मावशी, कुत्रं तरणं झालं की तुमचं!" शेजारचे भोसले म्हणाले.

"व्हय की," मावशी म्हणाली.

झूल परत करायच्या आधी तिनं ती एकदा भोपळ्याच्या अंगावर घातली आणि पट्टा बांधला. त्याच्या पाठीवर पूर्ण तळवा टेकवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो हाताखाली शांत होता, उबदार होता, श्वासाबरोबर वर-खाली होत होता. तिच्या मनगटावर काहीच उमटलं नाही. तिनं सेकंदाला तीन बोटं, चार बोटं, असा मोजून हात सरकवून बघितला. तिनं कानामागं खाजवलं, पोटाला खाजवलं. पट्टा बिघडला असेल म्हणून तो सोडून पुन्हा आवळला. भोपळ्या तिच्याकडं पाठ करून पडला होता आणि मावशी मागं बसली आहे याचा त्याला पत्ता नव्हता. तिनं हाक मारली तेव्हा त्यानं चमकून मागं बघितलं, आणि ती दिसल्यावर शेपूट आपटली.

पुढं तिला युक्ती सापडली. हात फिरवायचा तो त्याच्या डोळ्यांना दिसेल असा फिरवायचा. म्हणजे तो हाताकडं बघायचा आणि खूश व्हायचा. निदान खूश झाल्यासारखा दिसायचा.

रेश्मानं एक काम मात्र नेमून दिलं होतं. दुखणं कळत नाही त्या जिवाला जखमही कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्याचं सगळं अंग हातांनी चाचपायचं. मावशी पाच वाजता चटई टाकून बसायची, तेलाशिवाय. मानेपासून शेपटीपर्यंत बोटं फिरवायची, गोचीड काढायची, पंजे उलगडून बघायची. हात तेच होते आणि अजून चांगले होते; कातडीखालची मुगाएवढी गाठसुद्धा सुटायची नाही. फक्त आता ते काही देत नव्हते, तपासत होते.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी तिला चटईवर रक्ताचे ठिपके दिसले. पुढच्या डाव्या पंजात बाभळीचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा, मुळापर्यंत रुतलेला. केव्हाचा कोण जाणे. भोपळ्या दिवसभर त्याच पायावर गल्ली पालथी घालून आला होता. मावशीनं पाय मांडीवर घेतला, नखांच्या चिमटीत काटा धरला आणि उपसला. आत खोल गेलेला तो काटा निघताना तिच्याच अंगावर शहारा आला. मागोमाग रक्त आलं.

"दुखलं का रं?" तिनं विचारलं.

विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं की उभ्या जन्मात आपण हे कुणाला विचारलं नव्हतं. रडणाऱ्या पोरांना विचारलं नाही. ते चादर लाथाडून ओरडायचे तेव्हा त्यांना विचारलं नाही. ह्याला तर गप म्हटलं. त्यांतला प्रत्येक जण सांगत होता.

"भोपळ्या, दुखलं का रं?" तिनं पुन्हा विचारलं आणि ती थांबून राहिली, जणू तो आता सांगेल.

भोपळ्या रस्त्यावरून जाणाऱ्या शेळीकडं बघत होता. मावशीच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या पंजावर पडलं. त्याचा पाय तिच्या दोन्ही हातांत होता, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.